लोण्यात फेसलेला चुना

सोलापूर, नवी पेठेमागची गल्ली
ता. ११ नोव्हेंबर १९३३

तीर्थस्वरूप मामांचे सेवेशी,
शरणु शरणार्थ.

पत्र लिहिण्यास कारण की, आपली काठी आज पुन्हा माझ्या पायावर पडली.

दारामागच्या कोपऱ्यात ती उभी असते. दार जोरानं लावलं की पडते. हळू लावलं की थोडा विचार करून पडते. शिसवी लाकूड, वर पितळी मूठ, आणि नेम असा की ज्या अंगठ्याचं नख एकदा काळं पडलेलं आहे तोच अंगठा ती अंधारातही शोधून काढते. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पायावर ती आजवर पडलेली नाही. या अन्यायाची दाद कुठल्या कचेरीत मागावी ते कळत नाही. कलेक्टरसाहेब काठ्यांविरुद्ध अर्ज घेत नाहीत, मी चौकशी केली.

ती इथे कशी राहिली, हे आपण विसरला नसाल. माझ्या साप्ताहिकात 'बोलकी काठी' म्हणून एक लेख आला होता. त्यात एका गावचा व्यापारी स्वतः गप्प बसतो आणि त्याच्या वतीनं त्याची काठी बोलते, असं काहीसं होतं. गावाचं नाव दिलेलं नव्हतं. तरी आपल्या मैंदर्गीच्या बाजारात लोक आठवडाभर हसले. मग आपण आलात, काठी माझ्यापुढे टाकलीत आणि म्हणालात, "ही ठेव तुझ्याकडं. पुढच्या लेखाला लागंल." आणि काठीशिवाय, भिंतीला हात लावत, आमचा अरुंद जिना उतरून गेलात. त्याला चार-पाच वर्षं झाली. आपली लेक सुंदरम्मा पोराला घेऊन माहेरी येते-जाते, पण तिच्याबरोबर आपला निरोप येत नाही आणि माझाही जात नाही. दोघांच्या वतीनं काठीच काय ती पडत राहते.

आता मुद्द्याचं. तेही जपून लिहायला हवं. आपल्याला मराठी वाचता येत नाही, आणि आपला कारकून सिद्रामप्पा याला हळू वाचता येत नाही. दुकानात तंबाखू घ्यायला आलेलं गिऱ्हाईक माझी पत्रं ऐकून जातं, हे मला ठाऊक आहे.

आपला नातू चन्नू दोन-तीन महिने आजारी आहे. दुखणं नाजूक जागेचं आहे. लघवीला गेला की तो मोरीच्या भिंतीला कपाळ टेकतो आणि एक पाय आपटत राहतो. बाहेरून आम्ही पाय मोजत नाही, नुसता ऐकतो. हल्ली तो पाणी पीत नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं, हे सात वर्षांच्या डोक्यानं आपलं आपण शोधून काढलं आहे. उन्हातून हुंदडून येतो, ओठ वाळून पांढरे झालेले असतात, आणि आई तांब्या पुढे करते तर म्हणतो, "तहान न्हाय की."

मलमं झाली, शेक झाला. डॉक्टरांचं म्हणणं, आता सुन्नत केल्यावाचून गत्यंतर नाही. आपण वडीलधारे आहात, मी काय म्हणतो ते समजून घ्याल.

सुंदरम्मा म्हणते, "माझे अप्पा हो म्हणाले तर. नाहीतर माझ्या पोराला कुणी हात लावायचा नाही." मी बापाचा अधिकार काढून पाहिला. ती म्हणाली, "तो पेपरात वापरा." सबब माझ्यासारख्या माणसावर आपल्याकडे होकार मागण्याची वेळ आली आहे. लवकर कळवावं. पोर तहानलेलं आहे.

आपला जावई,
शिवलिंगप्पा


सोलापूर
ता. १९ नोव्हेंबर १९३३

तीर्थस्वरूप मामा,

आपलं पत्र मिळालं. एवढ्या तातडीनं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

आपण सिद्रामप्पाच्या हातून लिहिता की, सुण्णा नवा नको, जुना मुरलेला बघावा, जागा नाजूक असल्यानं नुसता लावू नये, लोण्यात फेसून लावावा, आणि या अटीवर माझी हरकत नाही. फार उपयुक्त सूचना आहेत. डॉक्टरांच्या कानावर घालीन. सुंदरम्माला मी शेवटचे तीन शब्द तेवढे वाचून दाखवले. ती मराठी वाचत नाही, आणि चुन्याचा, लोण्याचा तपशील बायकांना सांगण्याजोगा नव्हे.

"माझी हरकत नाही," असं मी वाचलं. तिनं विचारलं, "सुन्नतला?" मी म्हटलं, "कागदावर आहे." मग उठून तिनं चन्नूच्या कपाळाला विभूती लावली, त्याच्या गळ्यातलं लिंग नीट केलं, आणि मैंदर्गीच्या दिशेला तोंड करून हात जोडले. मला वाटतं दिशा थोडी चुकली, ते तोंड रेल्वे स्टेशनाकडं झालं होतं. पण असो.

डॉक्टरांनी येत्या आठवड्यातला दिवस दिला आहे. पोराच्या छातीत सर्दी नसली पाहिजे, कारण क्लोरोफॉर्म द्यायचा तर छाती मोकळी हवी. सकाळपासून पोटात काही नको. मी विचारलं, भुलीत धोका किती. ते म्हणाले, "नाही असं कोण म्हणेल? पण मी हे खेळ म्हणून करत नाही. दहा पोरं येतात कातडी आवळलेली म्हणून, त्यातल्या आठ-नऊ जणांना मी घरी पाठवतो. त्या वयात ती आवळलेलीच असते, वाढता वाढता सुटते. तुमच्या पोराची सुटणार नाही. आत वण झालेत." वण कशानं झाले, ते आपल्याला पुढं कधीतरी लिहीन.

इकडे एक गंमत झाली. आमच्या समोर दावलसाब टांगेवाला राहतो. त्याचा इमाम आणि आपला चन्नू एकाच शाळेत. या शुक्रवारी इमामची सुन्नत झाली. दावलसाबनं स्वतःचा घोडा रंगवून काढला, पोराला जरीची टोपी, गळ्यात गुडघ्यापर्यंत हार, पुढं ताशा आणि सनई. सबंध गल्लीतून मिरवणूक. चन्नू आमच्या खिडकीच्या गजांत तोंड घालून बघत होता. मला विचारतो,

"अप्पा, इमामला घोडा का?"

"त्याची सुन्नत आहे."

"मग माझीबी हाय की."

"तुझी डॉक्टराकडं आहे."

"तितं घोडा नसतो?"

"नसतो. क्लोरोफॉर्म असतो."

"ते खायचं असतं?"

मामा, मी लेखणीवर पोट भरणारा माणूस. कुणाला काय उत्तर द्यावं याचा मला कधी तोटा पडत नाही. त्याला मी म्हटलं, "अभ्यास कर."

दावलसाबकडं मला बोलावणं होतं म्हणून गेलो. इमामला पाटावर बसवलं, मागून त्याच्या मामानं धरलं. कुणीतरी म्हणालं, "ऊपर देख, चिडिया." पोरानं वर पाहिलं. त्याच क्षणी ताशा असा कडाडला की माझ्या कानात दडे बसले, आणि पोराच्या तोंडात जिलबीचा तुकडा गेला. इमामचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. आवाज मात्र काही ऐकू आला नाही.

नंतर दावलसाब बाहेर कट्ट्यावर बिडी ओढत बसला होता. एक संपली की दुसरी पेटवत होता. मी म्हटलं, "चांगली युक्ती आहे तुमची. बाजामुळं पोराला कळत नाही."

तो म्हणाला, "पोराकू सब कळता, अण्णा. बाजा बच्चे के वास्ते नै. बाजा बाप के वास्ते रहता."

तेव्हापासून झोप लागत नाही. लिहायला बसतो, उठतो, दार लावतो, काठी पडते.

आपला,
शिवलिंगप्पा


सोलापूर
ता. २४ नोव्हेंबर १९३३

सिद्रामप्पा, थांब. हे पत्र दुकानात वाचू नकोस. मालकांना घेऊन आतल्या खोलीत जा, दार लाव, आणि हळू वाच. तुला हळू वाचता येत नसेल तर आज शीक.

मामा,

आपण ज्याला होकार दिलात ते मी विचारलंच नव्हतं.

मी लिहिलं होतं सुन्नत. सिद्रामप्पा गिऱ्हाइकांपुढं वाचत असणार. तो शब्द पुढं दिसल्यावर तो दचकला असणार, लिंगायताच्या दुकानात मोठ्यानं कसा म्हणायचा म्हणून त्यानं शेवटचं अक्षर गिळलं असणार, आणि आपल्या कानडी कानाला सुण्णा, म्हणजे चुना, ऐकू आला. आपल्याला वाटलं, डॉक्टर पोराला चुना लावा म्हणतोय. म्हणून आपण जुना चुना आणि लोणी सांगितलंत. चुना नाही, मामा. त्या जागेची पुढची कातडी कापून काढायची आहे. मुसलमानांत धर्म म्हणून करतात तेच, पण इथं धर्माचा काही संबंध नाही. पोराला लघवी होत नाही म्हणून.

पत्र वाचताक्षणी मला हे कळलं होतं. तरी मी गप्प राहिलो. तीन शब्द होते, ते चालवून घेतले. दिवस ठरला होता, पोर सुटणार होतं, आपल्याला नंतर कळलं असतं तर एक काठी आणखी आली असती, ठेवायला जागा आहे. असा माझा विचार होता.

तो टिकला नाही. सुंदरम्मा रोज सकाळी स्टेशनाकडं तोंड करून हात जोडायला लागली. काल म्हणाली, "अप्पा किती बदलले. मी उगाच भ्यायले." मग मी तिला चुन्याचं सांगून टाकलं.

ती रडली नाही. म्हणाली, "पेपरातलं तुमचं खोटं मी पोसते. घरातलं पोसणार नाही." डॉक्टरांकडं स्वतः निरोप पाठवून तिनं तो दिवस रद्द केला. आता अप्पांचा खरा शब्द आल्याशिवाय नाही.

आणि काल रात्रीपासून पोराची लघवी अडली. पोट फुगून ताठ झालं. मला हाताला धरून मोरीत नेलं त्यानं, भिंतीला कपाळ टेकलं, पायही आपटला नाही. नुसता उभा. डॉक्टर आले, गरम पाण्यात बसवलं, शेवटी बारीक रबरी नळी घालून लघवी काढली. पोर माझ्या मनगटाला चावलं. ते म्हणाले, "हे मी पुन्हा पुन्हा करणार नाही. नळीनं आतून आणखी सोलून निघतं."

आता वणांचं. हे मी रागानं लिहिणार होतो, तसं लिहून पाहिलं, आणि फाडलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हे जोरानं मागं कुणी ओढत होतं का?" सुंदरम्मा जमिनीकडं बघत म्हणाली, "रोज आंघोळीच्या वेळी. अप्पांनी सांगितलं होतं. नाहीतर पुढं त्रास होतो म्हणाले." डॉक्टर म्हणाले, "ओढून फाटतं, फाटलेलं भरताना आवळतं, आवळलेलं पुन्हा ओढतात. असंच होतं. पोराच्या त्या जागेला हात लावायचाच नसतो, ती तिची ती सुटते." तिनं त्यांना विचारलं, "म्हणजे माझ्या हातानं झालं?" ते उठून हात धुवायला गेले. चांगला माणूस आहे.

तर एकूण असं आहे. आपण नाही म्हणालात तर ती ऐकेल. मी आपल्याला पटवण्यासाठी एकही शब्द लिहीत नाही, कारण माझे शब्द आपल्याला माहीत आहेत.

शिवलिंगप्पा


सोलापूर
ता. ३ डिसेंबर १९३३

तीर्थस्वरूप मामा,

सिद्रामप्पानं तिकडं सगळं सांगितलंच असेल, तरी त्यानं जे सांगितलं नसेल ते लिहितो. हेही आतल्या खोलीत.

तो सकाळच्या मोटारीनं उतरला आणि आमच्या दारात लोण्याची बरणी छातीशी धरून उभा राहिला. सुंदरम्मा आतून आली. तो मान वर न करता म्हणाला, "अक्का, दुकानात न्हाय वाचलं. आत नेऊन वाचलं. मालक म्हनाले, परत वाच. परत वाचलं. मग म्हनाले, पोराला दुखू देऊ नगा म्हनावं. कापायचं तर कापा."

"अजून काय म्हणाले?"

"अजून म्हनाले, सुंदरीला सांग, तुझ्या हातानं झालं न्हाई. माज्या तोंडानं झालं."

तिनं बरणी घेतली आणि आत गेली. सिद्रामप्पानं मला विचारलं, "लोन्याचं काय करनार, मालक?" मी म्हटलं, "भाकरीला लावू."

दावलसाबच्या टांग्यातून गेलो. चन्नू घोड्याच्या शेपटीकडं बघत बसला होता. दवाखान्यात त्याला उंच टेबलावर निजवलं. तोंडावर चहाच्या गाळणीसारखी जाळी, तिच्यावर फडकं, आणि कंपाउंडर वरून थेंब थेंब सोडतो. "अंक म्हण," असं सांगितलं. मराठी शाळेतलं पोर, पण म्हणाला कानडीत, आपण त्याला दुकानात शिकवलेत तसे. ओंदु, एरडु, मूरु. नाल्कुला जीभ जड झाली. पाचाचा आकडा आलाच नाही. मला बाहेर काढलं.

बाहेर बाकावर बसलो. आत इतकी शांतता की हत्यार ताटलीत ठेवल्याचं ऐकू यायचं. थोड्या वेळानं दुसरा कंपाउंडर येऊन म्हणाला, "शेठ, ते बंद करा, डॉक्टरांना त्रास होतोय." मी बाकावर बोटांनी वाजवत होतो. कधी सुरू केलं ठाऊक नाही. चांगलं जोरात वाजवत होतो.

शुद्धीवर येताना पोर ओकलं, मग रडलं, मग मला ओळखून जास्त रडलं. भुलीत दुखत नाही, ही गोष्ट खरी. पण भूल उतरते, तेव्हा सगळं एकदम येतं, आणि तेव्हा जाळीही नसते, जिलबीही नसते. घरी येताना दावलसाब घोड्याचा लगाम धरून पायी चालला. एक खड्डा आला की घोडा थांबवायचा, चाक हातानं उतरवायचा. पुन्हा पुढं. नवी पेठेतल्या लोकांना वाटलं कुणाची तरी मिरवणूक आहे. एका कापडवाल्यानं दुकानातून नमस्कारही केला. आईच्या मांडीवर आडवा पडलेला चन्नू म्हणाला, "अप्पा, घोडा तर मिळाला." आणि परत रडायला लागला.

पुढचे दिवस मी लिहीत नाही. आपण विचारलंत तर सांगेन. पट्टी चिकटते, ती बोरिकच्या कोमट पाण्यानं भिजवून भिजवून सोडवायची. पिवळी पूड मारायची, तिचा वास माझ्या जेवणालाही येतो. लघवीला तर पोर तयारच होईना. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, कोमट पाण्यानं भरलेल्या मोठ्या भांड्यात बसवा, आणि पाण्यातच होऊ द्या, त्यानं आग कमी होते. घरात एवढं मोठं भांडं एकच. आपण लग्नात दिलेलं तांब्याचं घंगाळ.

सुंदरम्मा म्हणाली, "अप्पांचं घंगाळ?" मी म्हटलं, "दुसरं आण कुठून." तिनं स्वतः पाणी तापवलं, हात घालून बघितलं, पोराला त्यात बसवलं, आणि त्याच्या कानाशी काहीतरी कानडीत गुणगुणत राहिली. झालं. पहिल्यांदा, ओरडत, पण झालं. त्या पोराच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य होतं ते मला लिहिता येत नाही. मी ज्या प्रकारचा लेखक आहे त्याच्या कामाचं ते नाही.

गल्लीत बोलणं सुरू आहे. समोरच्या सराफानं विचारलं, "काय हो, पोराला बाटवला म्हणे." मी म्हटलं, "हो, इंग्रजी दवाखान्यात बाटवला. आता बरा आहे." तो पुढच्या अंकात येतोय की काय म्हणून मला दोन दिवस नमस्कार करतो आहे.

शिवलिंगप्पा


सोलापूर
ता. २० डिसेंबर १९३३

तीर्थस्वरूप मामा,

हे पत्र कानडी अक्षरांत बघून आपण चकित व्हाल. भाषा मराठीच आहे, कारण कानडी मला फक्त बोलता येते, तीही बायकोशी भांडताना. पण अक्षरं कानडी आहेत, म्हणजे आपल्याला स्वतः वाचता येतील. नवी पेठेतून कानडी अंकलिपी आणली. दुकानदार म्हणाला, पोरासाठी का. मी हो म्हटलं. वळणं पोरासारखीच आहेत, सांभाळून घ्यावं. सिद्रामप्पाला दाखवू नये.

आपला लिफाफा मिळाला. लाखेनं बंद केलेला आणि आत आपल्या स्वतःच्या हातची कानडी. ती लावायला मला अंकलिपी मांडीवर घेऊन दुपार गेली. सुंदरम्माला वाचायला देणं शक्य नव्हतं. आपण लिहिलंय, आपल्यालाही लहानपणी असंच ओढायचे, म्हणून तीच रीत वाटली. तेव्हापासून तिथं कधी धड नव्हतंच, आणि आता एक-दोन वर्षांत पार आवळून गेलंय. लघवीला बसलं की भिंतीला कपाळ टेकावं लागतं. आणि शेवटी एकच ओळ. दोड्डवरिगू माडतारेनु? मोठ्या माणसांनाही करतात का?

करतात, मामा. मी डॉक्टरांना विचारलं, नाव न सांगता. त्यांनीही विचारलं नाही. मोठ्या माणसाला क्लोरोफॉर्म लागत नाही, त्या जागी सुई देऊन ती बधिर करतात, माणूस जागा राहतो. बघायचं नसेल तर मध्ये पडदा धरतात. सुई टोचते, ती दुखते. ती उतरल्यावर दुखतं, ते पोरापेक्षा जास्त, कारण मोठ्या माणसाला रात्री झोपेत तिथं ताण येतो आणि टाक्यांवर येतो. आठवडाभर झोप धड लागत नाही. हे मी लपवत नाही. मग उतरतं.

पण आधी लघवी तपासून घ्यायची. उतारवयात नव्यानं अशी आवळली तर पुष्कळदा लघवीतून साखर जात असते, असं ते म्हणाले. आपण लघवी केली तिथं मुंग्या लागतात असं एकदा सुंदरम्माला हसत सांगितलं होतंत, ते मला आठवलं. साखर असली तर आधी पथ्य, ती खाली आली की मग चाकू. नाहीतर जखम भरत नाही. गूळ आजपासून बंद करावा. चुना आणि लोणी लावत असाल तर तेही.

कुणाला काही कळणार नाही. आपण नातवाला बघायला आलात एवढंच. घंगाळ इथंच आहे. ताशा नाही, सनई नाही. बाहेर बाकावर मी असेन. हात मांडीखाली घेऊन बसेन.

पुढच्या अंकाचा सगळा मजकूर छापखान्यात गेला आहे. भाजीबाजारापुढच्या डबक्यावर मोठा लेख आहे, नगरपालिकेवर एक, आणि उरलेल्या जागेत जाहिराती. त्याच्या पुढच्या अंकातही डबकंच राहील. ते काही लवकर सुकणार नाही.

चन्नू शाळेत जातो. काल दुपारी धावत घरी आला, तांब्या दोन्ही हातांनी उचलला, आणि घटघट सगळा संपवला. मग थांबून म्हणाला, "अजून."

सिद्रामप्पा मालाच्या खरेदीला आला आहे, उद्या परत निघतो. त्याच्याबरोबर आपली काठी पाठवतो आहे. आमचा जिना अरुंद आहे, येताना चढायला लागेल. खालचं लोखंडी टोपण झिजलं होतं. नवं बसवून घेतलंय.

आपला,
शिवलिंगप्पा